सहा औषधांची यादी

आई जाऊन अठरा दिवस झाले होते आणि बाबांची चार पानांची तक्रार लिहून तयार होती. सकाळचा दुसरा चहा झाल्यावर, बारा वाजायला आले तेव्हा, त्यांनी ती लेकीपुढे सरकवली, वर लाल पेन ठेवलं आणि म्हणाले, काना-मात्रा बघून दे, उद्या अकराला मी आणि आत्या जाऊन देऊन येतो, खाली तुझीही सही लागेल.

तक्रार होती गल्लीच्या टोकाला, रस्त्यापलीकडे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरणीविरुद्ध. डॉक्टरांची नोंदणी ज्या परिषदेकडे असते तिच्याकडे ती जायची होती, आणि या बाईंचा परवाना कायमचा रद्द करावा, असं बाबांनी शेवटच्या परिच्छेदात मागितलं होतं. घडलं ते एवढंच होतं. सकाळी आईच्या छातीत दुखायला लागलं, बाबा तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेले, डॉक्टरणीने तपासून जिभेखाली एक गोळी ठेवायला दिली, आणि दहा मिनिटांत आईचा रक्तदाब असा कोसळला की रुग्णवाहिका येईपर्यंत तो यंत्रावर उमटेनासा झाला होता.

सही कागदावर व्हायची राहिली होती इतकंच, मनात लेकीने ती कधीच करून टाकली होती. अठरा दिवस ती त्या बाईवर दात धरून होती. येता-जाता दवाखान्याची पाटी दिसू नये म्हणून दोन गल्ल्यांचा वळसा घालून घरी यायची. बाई वयाने लहान होती, लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनी तरी. आत्या तिला "ती पोरगी" म्हणायची आणि लेक ते ऐकून घ्यायची. एरवी कुणी कुठल्याही बाईला असं म्हटलेलं तिला खपत नसे.

बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढण्यात गेली होती. जमिनीखालून कुठला नळ कुठून कुठे जातो, किती इंची आहे, झडप कुठे आहे, हे सगळं ते तिरप्या पाटावर वाकून काळ्या शाईने काढत. नकाशावर नाही ते जमिनीत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा कुणीतरी विजेची एक तार नकाशावर दाखवायची विसरला, आणि खणणाऱ्या माणसाची कुदळ नेमकी तिच्यावर पडली. माणूस वाचला, पण हात गेला. ती गोष्ट बाबांनी घरात इतक्या वेळा सांगितली होती की ते सुरू झाले की आई स्वयंपाकघरातून शेवटचं वाक्य म्हणून टाकायची.

आईच्या औषधांची यादीही त्यांनी नकाशासारखीच केली होती. पट्टीने आखलेले रकाने, सारख्या उंचीची अक्षरं, उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत तारीख आणि "सुधारणा क्र. ४". लॅमिनेट केलेली एक प्रत फ्रीजच्या दारावर, एक आईच्या पर्समध्ये आणि एकीचा फोटो लेकीच्या फोनमध्ये. शेजारचे लोक ती यादी बघायला यायचे, नवीन फर्निचर बघायला यावं तसे. आपल्याकडेही अशी एक करून द्या की, म्हणायचे.

आईचे आजार दोन होते आणि दोन्हींचं नाव दाबच होतं. पहिला घरोघरी असतो तो, हाताला पट्टा बांधून मोजायचा. दुसरा दोन वर्षांपूर्वी निघाला. जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, ओठ निळसर दिसतात, म्हणून मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की हृदयाकडून फुप्फुसांकडे ज्या रक्तवाहिन्या जातात त्यांच्यातला दाब वाढला आहे. तो हाताच्या पट्ट्याला दिसत नाही. त्याची औषधं निराळी. लेक घाबरून गेली होती, पण बाबांना ते एका क्षणात कळलं. "म्हणजे लाइनी दोन आहेत," ते म्हणाले होते, "एकीचा मीटर दुसरीला चालणार नाही." डॉक्टर हसले, म्हणाले, काका, तुम्ही माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला या. त्या दिवशी आई घरी येईपर्यंत बाबांकडे बघत होती, लग्न ठरल्यासारखी.

तर लेकीने लाल पेन उचललं. शाळेची पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या प्रकाशनात ती प्रूफं तपासायची, एकवीस वर्षं. बाबांच्या चार पानांत तिला दोन वेलांट्या आणि एक स्वल्पविराम एवढंच चुकलेलं सापडलं. दुसऱ्या पानावर त्यांनी यादी जशीच्या तशी उतरवली होती, "रुग्णाची सर्व औषधे डॉक्टरांस लेखी दाखवली असताना" अशा वाक्याखाली. औषधांची नावं परकी. अशी नावं डोळ्यांवर विसंबून सोडायची नाहीत, मूळ प्रत समोर घेऊन ताडून बघायची, ही तिच्या कामातली सवय. म्हणून तिने बाबांकडे हॉस्पिटलची फाइल मागितली.

फाइलचं काही काम नाही, बाबा म्हणाले. यादी आहे ना.

नावं बघायचीत, ती म्हणाली. तर ते म्हणाले, माझ्यावर विश्वास नाही का, आणि आंघोळीला निघून गेले.

फाइल कपाटात चादरींच्या खाली होती. कागदपत्रांच्या खणात नव्हती, चादरींच्या खाली. तिने शेवटच्या भेटीचं कार्ड काढलं, यादीशेजारी ठेवलं, एका बोटाने इकडची ओळ आणि दुसऱ्या बोटाने तिकडची ओळ धरली, आणि मनातल्या मनात वाचत खाली आली. हाताच्या दाबाच्या दोन. लघवी साफ होण्याची एक. रक्त पातळ ठेवण्याची. थायरॉइडची. पोटाची. यादीवरचं बोट टेबलाला टेकलं आणि कार्डावरचं बोट अजून एका ओळीवर होतं.

सिल्डेनाफिल, वीस मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. त्याखाली लाल शिक्का: या औषधासोबत छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी देऊ नये, रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो.

तिने पुन्हा वरून सुरुवात केली. सहा आणि सात. तिसऱ्यांदाही सहा आणि सातच. मग फोनमधला फोटो काढला. सुधारणा क्रमांक चार, सहा ओळी. तो फोटो दीड वर्ष तिच्या खिशात होता आणि तिने एकदाही वाचला नव्हता. ज्याचं अक्षर देखणं त्याची चूक निसटते, हे ती कामावर नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगायची.

आणि त्या सकाळी ती कामावर असताना बाबांनी फोन केला होता, हिच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेतो म्हणून, तेव्हा ती काय म्हणाली होती? म्हणाली होती, यादी घेऊन जा बाबा, यादीत सगळं आहे.

फुप्फुसांच्या वाहिन्या सैल करणारं ते औषध जगाला दुसऱ्याच, पुरुषांच्या रात्रीच्या कामासाठी ठाऊक आहे. त्या कामावर लोक लग्नात, कचेरीत, पानाच्या टपरीवर विनोद करतात. लेकीला ते विनोद माहीत होते, तिने त्यांतल्या काहींवर तोंड फिरवून हसूनही घेतलं होतं. हे औषध घरात येत होतं हेही तिला माहीत होतं. आई त्याला "भानगड" म्हणायची. "अहो, दुपारची भानगड कुठे ठेवलीत?" असं ती बाहेरच्या खोलीत पाहुणे असतानाही विचारायची, आणि बाबा चष्म्याच्या जुन्या डबीतून गोळी काढून मुठीत आणून द्यायचे. पाकिटातून काढून डबीत कशाला ठेवता, असं लेकीने एकदा विचारलं होतं. आईने डोळ्यांनीच तिला गप्प केलं होतं.

आता कुठे पाणी मुरत होतं ते कळायला फार हुशारी लागत नव्हती. तरी तिला ते दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं होतं. बाबा आंघोळ करून यायच्या आत ती चपला घालून बाहेर पडली, आणि अठरा दिवसांत पहिल्यांदा सरळ रस्त्याने गेली.

दुपारी दवाखाना रिकामा होता. डॉक्टरीण टेबलाशी डबा उघडून बसली होती, पण जेवत नव्हती. लेकीला बघून उभी राहिली. तक्रार येणार हे तिच्या कानावर गेलं होतं. आत्याने पाचपन्नास जणांना सांगून ठेवलं होतं. लेकीला वाटलं होतं ती रडेल, हातापाया पडेल, किंवा वकिलाचं नाव सांगेल. तिने कार्ड पुढे केलं. डॉक्टरणीने सातवी ओळ वाचली, शिक्का वाचला, आणि खुर्चीत बसली. मग तिचा चेहरा लाल झाला.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "गोळी हातात घेऊन विचारलं होतं. अजून काही औषध चालू आहे का, यादीबाहेरचं, कधीमधी घेतलेलं, कुणी दिलेलं. तुमचे वडील म्हणाले, यादीत आहे तेवढंच."

"आणि आई?"

डॉक्टरणीने रजिस्टर काढून त्या दिवसाचं पान उघडलं, जणू तिथे लिहिलेलं असेल. मग म्हणाली, आईंना वेगळं विचारलं. त्या शुद्धीत होत्या, घाम आला होता, पण बोलत होत्या. त्यांनी तुमच्या वडिलांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून नाही म्हणून मान हलवली.

फुप्फुसांच्या दाबाचं का नाही विचारलंत, लेकीने विचारलं, कारण अजून कुणावर तरी चिडायची तिची इच्छा पुरी झाली नव्हती. डॉक्टरीण म्हणाली, त्याबद्दल मला काय सांगितलं माहीत आहे? बीपी आहे. बीपी तर होतंच, यादीत त्याच्या दोन गोळ्या होत्या. "अठरा दिवस मी रोज ती यादी डोळ्यांपुढे आणतेय," ती म्हणाली. "मला वाटत होतं मी काहीतरी वाचायचं चुकले. माझ्या लक्षात येत नव्हतं काय ते." तिचा आवाज चढला होता, आणि तो चढणं लेकीला बरं वाटलं. इतक्या दिवसांत कुणीतरी तिच्याइतकंच संतापलेलं भेटलं होतं.

घरी आली तेव्हा आत्या येऊन बसली होती, सोबत तक्रारीच्या प्रतींसाठी तीन मोठी पाकिटं घेऊन. लेकीने कार्ड आणि यादी दोन्ही टेबलावर ठेवली, शेजारी शेजारी, आणि कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते बाबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी तिकडे बघितलंच नाही.

आधी ते म्हणाले, ते काही दाबाचं औषध नव्हे. मग म्हणाले, जागा नव्हती कागदावर. मग म्हणाले, तुला काय माहीत. आणि मग बऱ्याच वेळाने, नळाला थेंब थेंब पाणी यावं तसं, त्यांच्या तोंडून ते आलं. दीड वर्षापूर्वी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली. दुकानदाराने वाचली, त्यांच्याकडे बघितलं, आतल्या माणसाला हाक मारून चिठ्ठी दाखवली. "काका, या वयात? आणि दिवसातून तीनदा?" काउंटरवर पाच-सहा माणसं होती. सगळी हसली. त्यांत त्यांच्या कार्यालयातला एक जण होता. बायकोसाठी आहे, असं सांगायला बाबांनी तोंड उघडलं, आणि ते सांगणं त्याहून वाईट होईल हे लक्षात येऊन मिटलं. तेव्हापासून ते बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ती गोळी आणत. गोळी कधी चुकू दिली नाही, एक दिवससुद्धा, असं ते दोनदा म्हणाले. आणि यादी तर शेजारीपाजारी वाचायचे.

"मग लोकांसाठी वेगळी यादी करायची होती," लेक म्हणाली.

"सुचलं नाही."

"दवाखान्यात तरी सांगायचं."

"बाई होती ती," बाबा म्हणाले. "तुझ्याएवढी."

आत्याने मध्ये तोंड घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती म्हणाली, गेलेली काही परत येत नाही, आता उगाच भावाला माझ्या चव्हाट्यावर आणू नका. कागदावर सही करायची नसेल तर नको करू, आम्ही दोघं पुरे आहोत. आणि ती पोरगी तरुण आहे, तिला काय, दुसरं काहीतरी करील.

लेक आत्याशी उभ्या जन्मात उलटून बोलली नव्हती. आताही आवाज चढवला नाही. म्हणाली, आत्या, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर फासाची दोरी तरी माझ्या हातात नका देऊ. आत्या म्हणाली, बापाला चोर म्हणतेस? लेक म्हणाली, हो. 

तिला खूप काही बोलायचं होतं. तुम्हाला कळलं होतं, हे बोलायचं होतं. तुम्हाला त्या दोन लाइनी माझ्याआधी कळल्या होत्या, शिक्का तुम्ही वाचला होता, जगात कुठल्याही नवऱ्याला कळलं नसेल इतकं तुम्हाला कळलं होतं. अडाणी असता तर मी तुमच्या गळ्यात पडून रडले असते. आणि त्या तारेची गोष्ट, हात गेलेल्या माणसाची, ती आम्हाला जेवताना कशाला ऐकवलीत इतकी वर्षं? पण यातलं ती एवढंच बोलली:

"आईने तुमच्याकडे बघितलं होतं, बाबा."

बाबांनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. "बघितलं," ते म्हणाले. "मला कळलं ती काय विचारतेय ते. सांगू का, म्हणून विचारत होती. मी खाली बघितलं."

"मग?"

"मग तिने नाही म्हणून सांगितलं. माझ्यासाठी." त्यांनी पुढे सांगितलं, "मला वाटलं, गॅसची गोळी देतेय. मी विचारलंसुद्धा नाही कसली आहे."

लेकीला आईचाही राग आला. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं नवऱ्याची लाज पदराखाली झाकायची, आणि मरतानाही ती झाकून मरायचं, हे कुणी शिकवलं होतं तिला? भानगड म्हणून हसणारी, पाहुण्यांसमोर चिडवणारी ती बाई, परक्या माणसापुढे तीन अक्षरंही बोलू शकली नाही, कारण समोर नवरा मान खाली घालून बसला होता. लेकीने हा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. मेलेल्या आईवर चिडलेली मुलगी, पुस्तकांत अशा मुली तिने वाचल्या होत्या आणि त्या तिला आवडल्या नव्हत्या.

बाबांनी तक्रारीची पानं ओढून घेतली आणि म्हणाले, फाडून टाकतो. झालं ना मग.

नाही झालं, ती म्हणाली. तुम्ही फाडलीत तर एवढंच होईल की तक्रार आली नाही. ती बाई जन्मभर समजत राहील की तिचं काहीतरी वाचायचं चुकलं. "मी दुपारी जाऊन सांगितलंय. पण ते माझं सांगणं आहे. तिने विचारलं होतं तुम्हाला."

बाबा म्हणाले, उद्या जातो. लेक म्हणाली, दवाखाना साडेपाचला उघडतो. आत्या पिशवी उचलून, मी या पापात नाही, असं म्हणत निघून गेली. कुठल्या पापात, ते तिने सांगितलं नाही.

साडेपाचला बाकांवर जागा नव्हती. खोकणारी एक शाळेतली मुलगी, हाताला फडकं गुंडाळलेला सुतार, दोन म्हाताऱ्या, कडेवर रडणारं मूल घेतलेली एक बाई. दारातल्या मदतनीस बाईने बाबांना विचारलं, काय होतंय. काही होत नाही, बाबा म्हणाले, सांगायचंय. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टरीण आवाज ऐकून स्वतःच दारात आली. आत या, असं ती म्हणाली नाही. त्यांना आत घ्यावं असं तिला वाटलं नसावं, आणि लेकीलाही तसं वाटलं नाही.

"त्या दिवशी एक औषध सांगायचं राहिलं," बाबा म्हणाले.

"राहिलं?" डॉक्टरीण म्हणाली.

बाबा म्हणाले, "सांगितलं नाही. मी."

"कुठलं औषध?"

त्यांनी नाव घेतलं. मूल रडत होतं, डॉक्टरणीला ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि तिला ते पुन्हा हवं होतं. "काय म्हणालात?" बाबांनी लेकीकडे बघितलं. लेक भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत राहिली. मग बाबांनी ते मोठ्याने सांगितलं, कार्यालयात साहेबांना नळाचा व्यास सांगावा तसं, नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती महिने, आणि कशासाठी. माझ्या बायकोच्या फुप्फुसांसाठी, ते म्हणाले.

कुणी वर बघितलं नाही. सुतार आपल्या फडक्याची गाठ घट्ट करत होता. एका म्हातारीने दुसरीला विचारलं, आपला नंबर सहावा की सातवा.

डॉक्टरणीने रजिस्टर बाहेर आणून त्या दिवसाच्या नोंदीखाली सगळं लिहिलं, बाबांची सही घेतली, तारीख घातली. काकांना काही बोलावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि शाळेतल्या मुलीला आत बोलावलं.

बाहेर पायरीवर बाबांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. त्यांचा चेहरा सैल झाला होता, मोठा खटला निकालात निघालेल्या माणसाचा असतो तसा. लेकीने फोनमध्ये वेळ बघितली. आत शिरल्यापासून चार मिनिटं झाली होती. ते पाहून ती सकाळपेक्षा, दुपारपेक्षा जास्त संतापली. कारण आतापर्यंत तिला वाटत होतं की जी गोष्ट सांगता आली नाही ती फार मोठी असेल, माणसाच्या ताकदीबाहेरची असेल. ती चार मिनिटांची होती. दारात उभं राहून, सर्दी-खोकल्याच्या माणसांसमोर होण्यासारखी होती.

"चल," बाबा म्हणाले, "घरी जाऊ."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

ते रस्त्याच्या कडेने, फूटपाथ सोडून न जाता, हळूहळू निघाले. तिने त्यांना वळणापर्यंत जाऊ दिलं. त्यांना एकट्याने रस्ता ओलांडायचा होता आणि संध्याकाळची वाहनं जोरात होती. ती बघत होती, पण हाक मारली नाही.